पिक्चरमधल्या पेशंटला कुशीवर कोण वळवतं?

मंगळवार_पेठ (रविवार, रात्री ११:४८)

काल झोप लागेना म्हणून टीव्ही लावला तर गुजारिश चाललेला. २०१० ला आलेला तेव्हा बघितलेला आणि तेव्हा लई आवडलेला पण. काल मात्र अर्ध्या तासात चिडचिड व्हायला लागली आणि का ते आधी कळंनाच. मग लक्षात आलं की मी हृतिककडं बघतच नव्हतो, चादरीकडं बघत होतो. एक सुरकुती नाही! मानेखाली काही हलत नाही असा माणूस वर्षानुवर्षं पडून आहे आणि चादर आत्ताच इस्त्रीवाल्याकडनं आल्यासारखी, उशीला तेलाचा डाग नाही, मेणकापड नाही, डायपरचं पाकीट नाही, कोपऱ्यात बादली नाही. आणि ऐश्वर्या तसल्या लांब झग्यात, डोक्यात फुलं, लाल लिपस्टिक. बारा वर्षं ती त्याचं करते म्हणे. त्या झग्यात अंघोळ कशी घालत असेल, पाणी कुठनं कुठं जात असेल, माझ्या डोक्यात तेवढंच.

आमच्या सासूबाईंना वारं गेलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सोळा महिने अंथरुणात होत्या, गेल्या श्रावणात गेल्या. पहिल्या आठवड्यात मी आणि आमचे ह्यांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा लुळा खांदा दुखावला आणि ह्यांची कंबर धरली. मग पेशंट सांभाळायला माणसं देणाऱ्या ब्यूरोतनं मावशी आल्या. जयसिंगपूरकडच्या, पन्नाशीच्या, माझ्यापेक्षा बारीक. त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं, तर माझी एक जुनी सुती साडी मागून घेतली, चौघडी करून सासूबाईंच्या खांद्यापासनं मांडीपर्यंत खालनं सारली आणि म्हणाल्या, "आता माणूस उचलायचं न्हाई, साडी उचलायची." दोन्हीकडनं दोघींनी साडी गुंडाळून मुठीत धरायची, एक दोन तीन, माणूस अलगद वर सरकतं आणि कातडं घासत नाही. कुशीवर घ्यायचं तर पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं, आपल्याकडं वळवायचं, पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. दर दोन तासाला, दिवसा आणि रात्री पण. मोबाईलमधे गजर लावलेला त्याचा, तो आवाज अजून केएमटी बसमधे कुणाच्या फोनवर वाजला तरी मी सीटवरनं उठतो.

तर माझा प्रश्न असा आहे की पिक्चरमधल्या पेशंटला कुशीवर कोण वळवतं? हे दाखवलेला पिक्चर कुणी बघितलाय का? मराठी हिंदी इंग्लिश कुठला पण सांगा. रडवणारा नको, खरा वाटलेला.

रंकाळा_टॉवर

अहो भन्साळीचा पिक्चर तो! त्याच्याकडं भांडी घासणारी बाईसुद्धा झुंबराखाली बसून घासंल. पण त्यातलाच छतातनं पाणी गळायचा सीन आठवा. रात्री एकटाच पडलेला, कपाळावर थेंब थेंब पडतोय आणि तोंड इकडंतिकडं करण्यापलीकडं काही करता येत नाही. तुम्ही विचारताय ते त्यात उलट्या बाजूनं आलंय, वळवायला कुणी नसलं तर काय होतं ते.

मंगळवार_पेठ

त्या सीनला मी पण उठून बसलो, मान्य. पण बघा, एवढ्या मोठ्या बंगल्यात हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कुणीच झोपत नाही? आमच्यात वन बीएचकेत सासूबाईंचा श्वास जरा बदलला तरी तिघं जागे व्हायचो.

डोंबिवली_फास्ट_लोकल

दादा एक शंका. "माझी जुनी सुती साडी" आणि "आमचे हे"? काहीतरी घोळ होतोय माझा.

मंगळवार_पेठ

दादा न्हवं, बाईच हाय मी. आमच्या कोल्हापुरात बायका "मी आलो, मी गेलो, मी जेवलो"च म्हणतात. सवय करून घ्या.

रंकाळा_टॉवर

प्रत्येक धाग्यावर एकतरी जण हे विचारतोच, आता वर पिन करून ठेवा ॲडमिन.

कागल_ते_पुणे

ताई तुम्ही अस्तु बघा, बघितला नसेल तर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, मोहन आगाशे आहेत त्यात, संस्कृतचे मोठे पंडित चक्रपाणि शास्त्री आणि त्यांना अल्झायमर. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे असेल कदाचित, पण "विसरलेला माणूस" म्हणून डोळे फिरवणं, थरथर करणं असलं काही करत नाहीत. मुलगी इरा, म्हणजे इरावती हर्षे, त्यांना गाडीत बसवून थोडा वेळ खाली उतरते आणि तेवढ्यात ते रस्त्यावरचा हत्ती बघतात आणि त्याच्यामागं निघून जातात. बास एवढीच गोष्ट. पण ती मुलगी शोधत फिरते ना तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते फक्त "बाबा कुठं गेले" एवढंच नसतं, थोडा वेळ का होईना सुटलो असं वाटलं का मला, ह्याची भीती असते (हे माझं मत, पिक्चरमधे कुणी असं बोलत नाही). आमच्या घरात आजोबांचं असंच होतं. एकदा बाहेरची कडी लावायची राहिली आणि आजोबा एसटी स्टँडवर सापडले, निपाणी गाडीत बसलेले, तिकीट काढून! निपाणीला आमचं कोणीच नाही. कंडक्टरला म्हणाले शाळेत निघालोय.

आणि अमृता सुभाषची चन्नम्मा, माहुताची बायको, कानडी बोलते. शास्त्रीबुवा काय विसरलेत, किती मोठे विद्वान आहेत, तिला काही घेणंदेणं नाही, समोर लहान पोर आलंय तर त्याला खायला घालायचं एवढंच. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला आणि तो मिळायलाच पाहिजे होता.

दुधाळीकर

अस्तु चांगलाच आहे पण मी जरा उलटं बोलू का. चन्नम्मा किती वेळ सांभाळते? थोडा. इरा वर्षानुवर्षं सांभाळते. थोडा वेळ मायेनं सगळेच सांभाळतात हो! माझी नणंद दिवाळीला दोन दिवस येते आणि आईला मांडीवर डोकं घेऊन इतक्या मायेनं भरवते की बघणाऱ्याला वाटावं मी वर्षभर उपाशी ठेवते. मग जाताना मला सांगून जाते, "वहिनी, आईशी जरा बोलत जा, तिला बरं वाटतं." बोलते की बाई, रोज सकाळी सहाला बोलते, "आई पाय वर करा" असं बोलते.

दुसरं म्हणजे गरीब अडाणी बाई आहे म्हणून तिच्यात माया उपजतच असणार, आणि शिकलेली मुलगी म्हणून तिची ओढाताण, हे पिक्चरवाल्यांना फार आवडतं. म्हणजे काम करणारीचं काम हे काम राहतच नाही, तो तिचा स्वभाव होऊन बसतो आणि स्वभावाला पगार कशाला द्यायचा.

कागल_ते_पुणे

स्वभावाला पगार कशाला, हे पटलं. पण अस्तुवर थोडा अन्याय होतोय. चन्नम्मा "चांगली सांभाळते आणि मुलगी वाईट" असं तो पिक्चर म्हणत नाही. चन्नम्माला ते आधी कसे होते हे माहीतच नाही म्हणून तिला सोपं जातं, इराला ते बाबा आठवतात म्हणून जड जातं. मला तरी तो तेवढा फरक दाखवतो असं वाटलं.

दुधाळीकर

हं. हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. नणंदेला पण मग हेच लागू होतं म्हणायचं, तिला आई अजून आधीचीच दिसते. असू दे, तरी राग जात नाही.

नाद_खुळा_कोल्हापुरी

एवढा विचार करून कोण पिक्चर बघतंय काय? व्हेंटिलेटर बघा, मराठी, २०१६ चा. पेशंट आत आणि अख्खं खानदान बाहेर दवाखान्यात. आमचे मामा ॲडमिट होते तेव्हा सेम सीन होता, पेशंटपेक्षा शहाळी जास्त झालेली, शेवटी वॉचमनला दिली. बाहेर बसलेल्यांनी गावाकडच्या जमिनीचा विषय काढला तो आत ऐकू गेला का काय माहीत नाही पण मामा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. विषय हार्ड.

नाईट_ड्युटी (मंगळवार, रात्री १:१५)

परवापासनं वाचालोय, लिहू का नको करत होतो. मी हेच काम करतो, ११ वर्षं झाली. सध्या राजारामपुरीत एका आबांकडं, रात्री आठ ते सकाळी आठ. आबा जुने पैलवान, वय ऐंशीच्या वर, आता उठता येत नाही, कधी ओळखतात कधी नाही. माझ्या आधी तीन जण सोडून गेले कारण आबा अंगाला हात लावून देत नव्हते आणि आबांचा हात अजून हात आहे. मला पण पहिल्या रात्री एक बसला, कान दोन दिवस वाजत होता.

मग मला आमच्या थोरल्या काकांची आठवण झाली, ते तालमीत जायचे. तालमीत पोरं एकमेकांना तेल लावून रगडतात, तिथं कोण लाजत नाही न कोण कुणाला पेशंट म्हणत नाही. दुसऱ्या रात्री मी शर्ट काढून, तेलाची वाटी घेऊन गेलो आणि म्हटलं, "आबा, मेहनत झाली, आता मालिश." आबांनी पाय लांब केला! मालिश करता करता पाठ बघून घेतली, माकडहाडापाशी लाल झालंय का बघितलं (लाल झालं असेल तिथं चोळायचं नसतं, हे घरच्यांना माहीत नसतं म्हणून लिहितोय), टाचा बघितल्या, कूस बदलली, तेल पुसायचं म्हणून गरम पाण्याच्या फडक्यानं सगळं अंग पुसून काढलं. मला म्हणाले, "हात जड हाय रं तुझा पठ्ठ्या, जरा बेतानं." तेव्हापासनं ह्या घरात अंघोळ हा शब्द बंद. मालिश म्हणायचं.

आता पिक्चरचं. पुरुष माणूस हे काम करताना कुठल्या पिक्चरला दिसतो? वेड्यांच्या दवाखान्यात दोन आडदांड वॉर्डबॉय हिरोला धरतात आणि डॉक्टर सुई टोचतो, त्यातले ते दोन आम्ही. मुन्नाभाईत फरशी पुसणारा म्हातारा आणि त्याला मुन्नाची मिठी, त्या सीनला आमच्या आईनं पदर लावला डोळ्याला. पण मिठी मारून मुन्ना पुढं जातो आणि फरशी त्यालाच पुसायला लागते.

काही घरात आमचा चहाचा कप वेगळा असतो, खिडकीत पालथा ठेवलेला. पेशंटचं सगळं काढायचं, धुवायचं ते आम्ही, आणि कप वेगळा आमचा. हे कुठल्या पिक्चरात आलं असेल तर सांगा, मी तिकीट काढून बघतो.

आबा हललेत. येतो.

मंगळवार_पेठ

दादा तुमची पोस्ट ह्यांना वाचून दाखवली. कपाचं ऐकून ते गप्प झाले. आमच्यात कप वेगळा नव्हता पण मावशी जेवायला कधी आमच्यासंगं टेबलावर बसल्या नाहीत आणि मी पण "बसा" असं एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

पन्हाळा_रोड

पिकू राहिला का? २०१५, दीपिका आणि अमिताभ. म्हाताऱ्याच्या पोटाची रोजची कटकट, आणि दिल्लीपासनं कोलकात्यापर्यंत गाडीच्या टपावर त्याची कमोडची खुर्ची बांधून नेतात, हे बघून मी थेटरात एकटाच मोठ्यानं हसलो कारण आमच्या वडिलांची खुर्ची आम्ही तशीच टपावर टाकून ज्योतिबाला नेलेली! वाडी रत्नागिरीच्या घाटात मागचा ट्रकवाला हॉर्न मारून मारून दाखवत होता की खुर्ची हलतीय. मला पिकू आवडती कारण ती चिडते. जेवताना, ऑफिसात, फोनवर, सगळीकडं चिडलेली असते आणि पिक्चर तिला त्यासाठी शिक्षा देत नाही. नाहीतर आपल्याकडं करणारी बाई एकदा जरी चिडली की पुढच्या रिळात म्हातारं माणूस मरतं आणि ती जन्मभर रडत बसते.

दुधाळीकर

पिकूच्या घरात बुधन आहे तो आठवतो का कुणाला? नोकर. प्रवासात पण संगं असतो. मला वाटतं निम्मी कामं तोच करतो आणि पोस्टरवर नाही. नाईट ड्युटीवाले दादा, तुमचा माणूस सापडला बघा.

चाकावरचा_गडी

सगळा धागा वाचला. वळवणाऱ्यांचं बरंच आलं, आता ज्याला वळवतात त्याचं पण ऐका. हे बोलून टाईप होतंय, त्यामुळं चुका असतील, समजून घ्या.

२०१३ ला गाडीवरनं पडलो, मानेतला मणका गेला. हात उचलतो पण बोटं मिटत नाहीत, कमरेखाली काहीच नाही. आई करते सगळं, आई आता ६७. सकाळी दोन तास एक मामा येतात, बाकी आई.

माझी तक्रार चादरीची नाही. माझी तक्रार अशी की पिक्चरमधला माझ्यासारखा माणूस कोणतरी लई मोठा असावाच लागतो. गुजारिशमधे जगातला भारी जादूगार. अस्तुत मोठा पंडित. म्हणजे त्याचं कुणीतरी करावं हे पब्लिकला पटायला त्याच्याकडं आधी काहीतरी जमा असायला लागतं. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत स्टोअरकीपर होतो हो. नट-बोल्टचे डबे मोजायचो. माझ्यावर कोण पिक्चर काढणार.

नाहीतर मग मरायला मागायचं. कणा गेला की हिरो कोर्टात जातो. मला लोक भेटायला येतात ते खुर्चीवर बसून माझ्याकडं असं बघतात की ह्याच्या मनात पण तेच असणार. माझ्या मनात त्यावेळी फॅन एकवर करा एवढंच असतं.

सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मधे आँख मिचोली पिक्चरच्या केसमधे सांगितलंय की अपंगांची टिंगल नको, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांना अचाट काहीतरी करून पण दाखवू नका. आणि बनवताना आम्हाला विचारा. हे मी नुसतं वाचलं तरी दिवस चांगला गेला. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक दीदींनी १९८४ ला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड चालू केली, त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्यांचं चाकाची खुर्ची पुस्तक मला दवाखान्यात एका बाईंनी आणून दिलेलं, मी चिडून वाचलं नाही वर्षभर. मग वाचलं.

काय दाखवायचं म्हणाल तर हे दाखवा. मी रात्री सातनंतर पाणी पीत नाही. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, डॉक्टर ओरडले, तरी नाही पीत. कारण प्यायलो की रात्री पिशवी भरते आणि आईला उठायला लागतं, आणि तिचे गुडघे उठताना वाजतात ते मला ऐकू येतात. आईला हे माहीत आहे. ती मग मुद्दाम साडेसहाला मोठा तांब्या आणते आणि समोर उभी राहते. आमची रोजची भांडणं ह्याच्यावर. ती म्हणते माझी झोप माझी मी बघीन, तू पी. मी म्हणतो नको. कधी ती जिंकते कधी मी. ह्यात दोघांपैकी सोसणारा कोण आणि करणारा कोण, सांगा बघू.

नाईट_ड्युटी

भावा साडेसहाला पी सगळं, थोडं थोडं नको ठेवूस. आणि पिशवी रात्री मोठी लाव, दोन लिटरची मिळते, सकाळपर्यंत जाते. खाली बादलीत सोडून ठेव म्हणजे गळली तरी फरशी खराब होत नाही. पण मेडिकलमधनं आणताना नळीचं तोंड जुळतंय का बघून आण.

चाकावरचा_गडी

बारा वर्षांत हे कुणी सांगितलं नाही. थँक्यू मामा.

मंगळवार_पेठ

मला हे वाचून जे सांगायचं नव्हतं ते सांगतोय आता. सासूबाई घास तोंडात धरून ठेवायच्या, गिळायच्याच नाहीत. वरणभाताचं एक ताट दीड तास. मला मुलाला क्लासवरनं आणायचं होतं आणि मी ओरडलो, "गिळा की हो, किती वेळ!" जोरात. शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या एवढ्या जोरात. सासूबाईंनी तोंड मिटलं आणि भिंतीकडं बघायला लागल्या.

पिक्चर असता तर पुढच्या सीनला मी त्यांचे पाय धरले असते आणि मागं व्हायोलिन. तसलं काही झालं नाही. मी ताट उचललं, मुलाला आणलं, कुकर लावला, साडेसातला त्यांची सिरियल लागली ती दोघींनी बघितली. जाहिराती लागल्यावर त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडं बोट केलं, मग ताटाकडं. भूक लागलेली. मी भरवलं. त्या सिरियलमधल्या सुनेचं पण कायतरी तुंबलेलं त्या दिवशी, ते बघत बघत अर्धी वाटी गेली.

मावशींनी नंतर सांगितलं, वारं गेलेल्या बाजूच्या गालात घास अडकतो आणि त्यांना कळतच नाही तो तिथं आहे म्हणून. चांगल्या बाजूनं भरवायचं, मधनंच गालात बोट फिरवून बघायचं. म्हणजे त्या हट्ट करत नव्हत्याच.

सिस्टर_रिटायर्ड

मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत होते, सगळी वॉर्डात. (मी आले-गेलेवाली, मूळची साताऱ्याची.)

आम्ही ट्रेनिंगला असताना होस्टेलच्या सगळ्या पोरी मिळून मॅटिनीला खामोशी बघायला गेलो होतो. वहिदा रेहमान नर्स राधा. आधी बंगालीत १९५९ ला दीप ज्वेले जाई म्हणून आलेला, त्यात सुचित्रा सेन. गोष्ट अशी की डॉक्टरांचा प्रयोग म्हणून नर्सनं पेशंटवर प्रेम करायचं नाटक करायचं, तो बरा झाला की बाजूला व्हायचं. एकदा करते, दुसऱ्यांदा करते आणि शेवटी स्वतःच त्याच वॉर्डात पेशंट होते. गाणी तर काय, हेमंतकुमार. पोरी रडत रडत बाहेर आल्या आणि आमच्या ट्यूटर बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, त्या वॉर्डात चार्ट कोण भरत होतं? आम्ही हसलो. पण आता वाटतं तो पिक्चर एका बाबतीत खरा होता. नर्सचं पण काहीतरी खर्च होतं आणि ते कुणाच्या हिशोबात नसतं, हे त्यानं दाखवलं. फक्त ते प्रेमानं नाही खर्च होत. ते रात्रपाळीनं होतं.

आनंदमधली ललिता पवार, मेट्रन डिसा, ती मला जास्त ओळखीची वाटते. दरडावते, नियम सांगते, आणि आतनं पाघळलेली. अशा मेट्रनच्या हाताखाली मी काम केलंय. (त्यातले डॉक्टर कुलकर्णी म्हणजे रमेश देव, कोल्हापूरचेच, हे इथं कुणी लिहिलं कसं नाही अजून?)

पण धाग्याचा प्रश्न वळवण्याचा आहे म्हणून सांगते. अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची आमची सिस्टर, १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यात ती गेली. ४२ वर्षं अंथरुणात. केईएमच्या सिस्टरांनी सांभाळलं, एक बॅच रिटायर झाली की पुढची, तिला कधी बोलताना न बघितलेल्या पोरींनी सुद्धा. २०११ ला सुप्रीम कोर्टात दयामरणाची केस झाली तेव्हा ह्या सिस्टरांचं म्हणणं होतं की आम्ही करतोय ना, आम्हाला करू द्या. आणि एवढ्या वर्षांत तिला एकही बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) झाला नाही. बाकीच्यांनी त्या केसमधलं दयामरण वाचलं, आम्ही सिस्टरांनी हे वाक्य वाचलं. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा ह्याचा अर्थ काय होतो. दोन दोन तासांनी, ४२ वर्षं.

आता हे पिक्चरमधे दाखवणार कसं? जखम झाली तर दाखवता येते, क्लोजअप घेता येतो. झाली नाही ते कसं दाखवायचं? आमचं काम नीट झालं की काहीच होत नाही. आणि पिक्चरला तर काहीतरी व्हायला लागतं.

रंकाळा_टॉवर

सिस्टर, रमेश देवांचं मीच लिहिणार होतो, तुम्ही नंबर लावला.

बाकी तुमची पोस्ट दोनदा वाचली. बोलायला काही नाही.

कागल_ते_पुणे

झाली नाही ते दाखवायचं कसं, ह्यावरनं एकच सांगतो. श्वासमधे, २००४ चा, अरुण नलावडे आजोबा. नातवाचे डोळे काढायचे आहेत कारण कॅन्सर, दुसरा उपाय नाही. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातनं घेऊन जातात, शेवटचं बघून घेऊ दे म्हणून. आत धावाधाव, बाहेर पोरगं हिंडतंय. त्यात होतं ते सगळं आजोबाच्या चेहऱ्यावर होतं आणि तो फार काही बोलत पण नाही. असं दाखवता येतं. पण त्याला फार धीर लागतो आणि प्रोड्यूसरला त्याहून जास्त.

मंगळवार_पेठ (शनिवार, दुपारी ३:२०)

काल मावशींना फोन केला. आता त्या सांगलीत एका आज्जींकडं आहेत. म्हटलं मावशी, तुम्हाला कुठला पिक्चर आवडतो, असा असा विषय चाललाय. तर म्हणाल्या, "ताई, मला पिक्चरचा शेवटच म्हाईत नसतो. पेशंटसंगं दुपारी लागला तर अर्धा बघायचा, मग जेवणाची येळ हुती, न्हाईतर ड्युटी बदलती. तुमच्या आईसंगं एक बघितलेला, त्यातली ती पोरगी बापाला घिऊन गाडीनं लांब निघालेली, गाडीवर खुर्ची बांधलेली. पुढं पोचली का न्हाई ती?"

पन्हाळा रोड, तुमचाच पिक्चर. मी सांगितलं पोचली, आणि पुढचं, म्हणजे बाप तिथं जातो ते पण सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय का. मग बरं झालं अर्धाच बघितला."

आणि एक काम होतं. सासूबाईंची हवेची गादी माळ्यावर पडून आहे, पंपासकट, एकच पंक्चर होतं ते काढून आणलेलं. कुणाला लागणार असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. उमा टॉकीज चौकापर्यंत हे आणून देतील.

चाकावरचा_गडी

मला चालेल, माझी बसलीय. पंपाचा आवाज किती येतो पण? आईची झोप सावध आहे.

मंगळवार_पेठ

येतो की. सासूबाईंचं बोलणं गेलेलं तरी पहिल्या रात्री हातानं जात्याची खूण करून दाखवलेली, दळण चालू हाय म्हणून. खाली घोंगडं घडी करून ठेवा, मग कमी होतो. उद्या सकाळी अकरा चालेल का?